पाहणाऱ्याचें ऋण

‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीचा उपयोग आपण बहुधा फसगत सांगण्यासाठीं करतों. जवळ गेलें म्हणजे डोंगरावर दगडधोंडे, कांटे आणि ऊन यांखेरीज कांहीं नसतें. लांबून जो निळा रंग मोहक वाटला तो केवळ हवेचा खेळ असतो. एवढाच बोध आपण त्या म्हणींतून घेतों. परंतु तिच्यांत एक दुसराहि अर्थ आहे, आणि तो ध्यानांत आला म्हणजे मन थोडें अस्वस्थ होतें. डोंगर साजरा दिसावा म्हणून दूर उभें राहण्याची सवड ज्याला असते, तो कोण? डोंगरावर जो लांकडें तोडतो, गुरें चारतो, किंवा पायथ्याच्या बरड जमिनींत नांगर धरतो, त्याला ही सवड नसते. डोंगराची शोभा पाहणारा आणि डोंगरावर राबणारा हीं बहुतेक वेळां दोन निराळीं माणसें असतात. मग पहिला जो आनंद घेतो, त्याबद्दल तो दुसऱ्याचें कांहीं देणें लागतो कीं नाहीं? सौंदर्य हें पावसासारखें सर्वांवर सारखेंच पडणारें व कोणाचेंच नसलेलें असें आहे, कीं त्याचाहि कोठें जमाखर्च मांडावा लागतो? या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रसंग मजवर पन्नाशी उलटल्यानंतर, आणि तोहि घरापासून फार लांब, एका बेटावर आला. म्हणून ती हकीकत प्रथम सांगतों.

मी वाशिमचा राहणारा. आमच्या जिल्ह्यापासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. कोणी पाहुणा आला व त्यानें ‘येथें पाहण्यासारखें काय आहे?’ असें विचारलें, तर आम्ही त्याला बालाजीचें मंदिर दाखवितों, पद्मतीर्थ दाखवितों, फार तर कारंज्याच्या गुरुमंदिराला घेऊन जातों. जमीन पाहावयास कोणी येत नाहीं, व आम्हीहि ती कोणाला दाखवीत नाहीं. वर काळी माती, तिच्याखालीं काळा दगड. त्यांत कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. पावसानें दगा दिला कीं याच जमिनीकडे पाहून शेतकरी कपाळाला हात लावतो. अशा भूमीला ‘रमणीय’ हें विशेषण लावण्याचें धाडस आमच्यापैकीं कोणीं केलेलें मीं ऐकलें नाहीं.

गेल्या वर्षीं एका व्याख्यानाच्या निमित्तानें मॉरिशसला जाण्याचा योग आला. तेथें ज्यांनीं माझें आतिथ्य केलें ते गृहस्थ शाळेंत मराठी शिकवितात. त्यांचा मूळ पुरुष पांच पिढ्यांपूर्वीं रत्नागिरीकडून मुंबई बंदरावाटे तेथें गेला. घरांत त्यांची भाषा क्रिओल. मराठी त्यांनीं पुस्तकांतून व सणवारांतून राखलेली. त्यामुळें त्यांचें बोलणें आपल्याकडच्या बोलण्याहून अधिक शुद्ध, पण थोडें जपून टाकलेल्या पावलासारखें. मला ते ‘गुरुजी’ म्हणत, व मीहि त्यांना तसेंच म्हणूं लागलों.

पहिल्या दिवशीं त्यांनीं मला क्यूरपीप या गांवीं ‘त्रू ओ सेर’ नांवाच्या विवरावर नेलें. नांवाचा अर्थ हरणांचा खळगा. हें एका निद्रिस्त ज्वालामुखीचें मुख. त्याची रुंदी सुमारें ३०० मीटर व खोली ८० मीटरांच्या आसपास असून आंत दाट झाडी वाढली आहे आणि तळाशीं थोडें पाणी सांचलेलें असतें. कांठावर उभा राहतांच मला लोणार आठवलें. लोणारचें विवर याहून पुष्कळ मोठें, १·८ किलोमीटर रुंदीचें. तेंहि ज्वालामुखीचें मुख असावें असें पूर्वीं कित्येकांना वाटे. आतां तें आकाशांतून कोसळलेल्या अशनीच्या आघातानें झालें हें निश्चित ठरलें आहे. म्हणजे जें विवर आमच्या शेजारीं आहे तें आकाशाचें देणें, आणि हें पाताळाचें. इतकी तुलना करून मी वाटेवरचा एक दगड उचलला आणि पाहतच राहिलों. तोच काळा दगड! तेंच वजन, तोच रंग, तींच बारीक छिद्रें. आमच्याकडे हीं छिद्रें बहुधा पांढऱ्या स्फटिकांनीं भरून गेलेलीं असतात. येथें तीं रिकामीं होतीं, इतकाच काय तो फरक.

या साम्याचें कारण मला मागाहून नीट कळलें, व तें ऐकून वाचकांसहि नवल वाटेल. भूगर्भशास्त्रज्ञांचें बहुमान्य मत असें आहे कीं पृथ्वीच्या पोटांत कांहीं ठिकाणीं उष्णतेचे उभे झोत जवळजवळ स्थिर असतात, व त्यांच्यावरून भूकवचाचे खंड अगदीं मंद गतीनें सरकत जातात. भारताची भूमि अशाच एका झोतावरून उत्तरेकडे सरकत होती, तेव्हां, म्हणजे सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, दख्खनचें पठार घडविणारे लाव्हारसाचे प्रचंड लोट बाहेर पडले. भूमि पुढें गेली, झोत मागें राहिला. त्याच्याच कार्यानें पुढें क्रमाक्रमानें लक्षद्वीप, मालदीव व छागोस यांचे समुद्रतळाशीं असलेले पाये तयार झाले. सुमारें ८० ते ९० लक्ष वर्षांपूर्वीं मॉरिशस समुद्रांतून वर आलें. आणि आज तोच अग्नि शेजारच्या रीयुनियन बेटावरील ‘पितों द ला फूर्नेझ’, म्हणजे ‘भट्टीचें शिखर’, या पर्वतांतून वरचेवर उसळत असतो. वाशिमचें बरड रान आणि मॉरिशसचें विवर हीं एकाच चुलीवरचीं आहेत. जो दगड घरीं पायाला ठेंचला असतां मी शिवी देत आलों, तोच समुद्र ओलांडून पाहावयास मीं विमानाचें भाडें भरलें होतें!

दुसऱ्या दिवशीं आम्ही बेटाच्या नैर्ऋत्य टोंकाला ‘ल मॉर्न’ येथें गेलों. ५५६ मीटर उंचीचा एकच एक काळा कडा समुद्रांतून सरळ उठावा तसा तेथें उभा आहे, व त्याच्या पायाशीं पांढऱ्याशुभ्र वाळूचा पट्टा पसरला आहे. काळ्या दगडाच्या बेटाला पांढरा किनारा कोठून आला, हा प्रश्न कोणालाहि सुचावा. ही वाळू खडकाची नव्हेच. बेटाभोंवतीं बहुतेक सर्वत्र प्रवाळाचा बांध आहे. त्या प्रवाळाचा आणि शंखशिंपल्यांचा हा चुरा. पोपटासारखी चोंच असलेले कांहीं मासे तर प्रवाळ कुरतडून खातात व त्याचें पीठ करून टाकतात. असंख्य क्षुद्र जीवांच्या सांगाड्यांवर आपण अनवाणी चालतों व त्या स्पर्शाला मऊ म्हणतों. पण त्या सकाळीं असा कोणताहि विचार माझ्या मनाला शिवला नाहीं. मोठ्या लाटा दूर बांधावर फुटत होत्या. अलीकडचें पाणी तळ्यासारखें शांत होतें, आणि त्याच्या निळ्या रंगाच्या किती छटा होत्या तें मला मोजतां आलें नाहीं. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मी त्या पाण्यांत लहान मुलासारखा उभा राहिलों. आयुष्यांत इतका निर्भेळ आनंद मला फार थोड्या वेळां झाला आहे, हें मला येथें मुद्दाम नमूद केलें पाहिजे. कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्यावरून कोणी त्या आनंदाला खोटा म्हणूं नये.

मग आम्ही डोंगर चढलों. शेवटचा कडा दोर धरून चढावा लागतो. तो माझ्या वयाला झेपणारा नव्हता, म्हणून मी त्याच्या खालच्या खांद्यावर थांबलों. खालीं तें निळें पाणी, पांढरी रेघ, आणि मागें डोंगरांच्या रांगा. तेथें बसून गुरुजींनीं त्या कड्याची कथा सांगितली. मळ्यांतून पळालेले आफ्रिकी व मलागसी गुलाम या दुर्गम कड्याचा आश्रय घेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजीं बेटावरील गुलामगिरी रद्द झाली, आणि ही वार्ता सांगावयास शिपायांची एक तुकडी इकडे आली. परंतु आपल्याला धरावयासच हे आले आहेत असें समजून वरच्या माणसांनीं कड्यावरून खालीं उड्या घेतल्या, अशी लोककथा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेनें २००८ सालीं या डोंगराला जागतिक वारशांत स्थान दिलें तें त्याच्या शोभेसाठीं नव्हे, तर या स्मृतीसाठीं.

कथा ऐकून मी हळहळलों. परंतु स्वतःशीं प्रामाणिक राहून सांगावयाचें तर त्या कथेनें माझा आनंद उणा झाला नाहीं. उलट त्या दृश्याला एक गंभीर रंग चढला व तें अधिकच मनोवेधक वाटूं लागलें. परक्याचें दुःख हें पाहणाऱ्याच्या रुचीला मिठासारखें उपयोगीं पडतें, ही कबुली लाजिरवाणी आहे. पण शोकांतिका वाचून सुखावणाऱ्या प्रत्येक रसिकाच्या अनुभवांत ती आहेच. माझें खरें शिक्षण अद्याप व्हावयाचें होतें.

तें परततांना झालें. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊंसाचे मळे होते, आणि हिरव्या ऊंसांत जागोजाग काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग होते. कांहीं नुसते ओतलेले, कांहीं पायऱ्यापायऱ्यांनीं रचलेले. मावळतीच्या उन्हांत ते फार शोभिवंत दिसत होते. मीं उत्साहानें म्हटलें, “गुरुजी, काय सुंदर रचना आहे! एखाद्या जुन्या देवळाचे अवशेष वाटावेत.”

ते जरा थांबून म्हणाले, “देऊळ नाहीं, गुरुजी. ही जमीन दगडांनीं भरलेली होती. ऊंस लावण्यापूर्वीं दगड वेचून काढावे लागत. माझ्या पणज्यासारख्या माणसांनीं ते वेचले आणि तेथें टाकले.”

त्यांच्या स्वरांत राग नव्हता, टोमणा नव्हता. शिकविणारा माणूस चुकलेला शब्द सुधारतो तितकेंच तें होतें. पण त्यानंतर मला त्या ढिगांकडे पूर्वीसारखें पाहतां येईना. कड्यावरून उडी घेणारे माझे कोणी नव्हते. हे दगड वेचणारे मात्र माझी भाषा बोलणारे होते, आणि दगडहि माझ्याच घरचा होता.

त्या माणसांचा इतिहास थोडक्यांत असा. गुलामगिरी संपत असतांना मळेवाल्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं भारतांतून करारबंद मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुई येथें उतरली, आणि १९२० पर्यंत जवळजवळ ५ लक्ष माणसें या रीतीनें तेथें गेलीं. त्यांतील बहुसंख्य कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेलीं; मुंबईवाटे गेलेल्यांत कोंकणांतील मराठी माणसें होतीं. करार प्रायः पांच वर्षांचा. पुरुषाचा पगार महिना ५ रुपये व वर शिधा. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत होती. १८४९ पासून ज्या आगारांत त्यांना उतरवून घेत, त्याचे अवशेष ‘आप्रवासी घाट’ या नांवानें जपलेले आहेत. २००६ सालीं त्याचाहि जागतिक वारशांत समावेश झाला. तेथें समुद्राकडून वर येणाऱ्या १६ पायऱ्या आहेत. त्याहि काळ्या दगडाच्या. पद्मतीर्थाच्या पायऱ्या उतरतांना आमच्याकडचा माणूस हात जोडतो. या पायऱ्या चढतांना त्या माणसांनीं काय केलें असेल, याची कल्पना करीत मी तेथें बराच वेळ उभा राहिलों.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. अशा भूमीचें सौंदर्य पाहून आनंदित होण्याचा मला अधिकार आहे काय?

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याला हा प्रश्न ठाऊक होता. १७९० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें राजवाड्याचें उदाहरण घेतलें आहे. हा वाडा सुंदर आहे काय, असें कोणी विचारलें असतां, तो रयतेच्या घामावर उभारला आहे असें उत्तर देणें म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला बगल देणें होय, असा त्याचा आशय आहे. सौंदर्याचा निर्णय निरिच्छ असला पाहिजे; वस्तु कोणाची, कशासाठीं, कोणत्या किंमतीनें, हे विचार त्यांत मिसळतां कामा नयेत. पुढें भव्यतेचें विवेचन करतांना ज्वालामुखी आणि खवळलेला महासागर यांचींच उदाहरणें तो देतो, आणि सांगतो कीं पाहणारा स्वतः सुरक्षित असेल तरच हीं दृश्यें त्याला आकर्षक वाटतात.

कांटचें पहिलें म्हणणें मला मान्य आहे. सुंदर आहे काय, हा एक प्रश्न. न्याय्य आहे काय, हा दुसरा. दगड वेचणाऱ्यांचे हाल झाले म्हणून त्या ढिगांवर पडलेलें ऊन कुरूप होत नाहीं, आणि ऊन सुंदर म्हणून ते हाल क्षम्य ठरत नाहींत. परंतु दोन प्रश्न निराळे असले तरी ते ज्याला विचारावयाचे तो माणूस एकच आहे. पहिल्याचें उत्तर देऊन दुसरा विचारला जाण्याच्या आधींच त्यानें उठून जावें, अशी मुभा कोणत्याहि तर्कशास्त्रानें दिलेली नाहीं. आणि सुरक्षिततेचें जें म्हणणें आहे तें तर अधिकच विचारांत टाकणारें आहे. ल मॉर्नचा तोच कडा. पळून आलेल्या गुलामाला त्याची दुर्गमता हाच आसरा होता व शेवटीं तोच त्याचा मृत्यु ठरला. मला मात्र त्यावरून देखावा दिसला. आमच्या दोघांत जो फरक आहे तो रसिकतेचा नाहीं, सुरक्षिततेचा आहे. आणि ती सुरक्षितता मीं मिळविलेली नसून मला मिळालेली आहे.

याच्या उलट टोंकाला दुसरा एक पक्ष आहे. तो म्हणतो, जेथें माणसांचे हाल झाले तेथें आनंद मानणें हेंच पाप. अशा ठिकाणीं जावें तर मान खालीं घालूनच. हा पक्ष ऐकावयास उदात्त वाटतो, पण त्यांत दोन दोष आहेत. एक असा कीं निष्कलंक भूमीच पाहावयाची म्हटलें तर पृथ्वीवर पाहण्यास कांहीं उरणार नाहीं. लांब कशाला जा? आमचें वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेंतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें करविलें, असा लेख त्या लेण्यांतच आहे. आम्हां वाशिमकरांना या गोष्टीचा मोठा अभिमान. परंतु तो काळा पाषाण हातांनीं फोडून ज्यांनीं लेणें कोरलें, त्यांचीं नांवें त्या लेखांत नाहींत, आणि तीं नाहींत ही उणीव आम्हांपैकीं कोणाला आजवर खुपलेलीहि नाहीं. म्हणून अजिंठा पाहूं नये काय?

दुसरा दोष याहून मोठा आहे. ज्यांच्या नांवानें हा पक्ष आनंद नाकारतो, त्यांनींच तो नाकारलेला नाहीं. रविवारीं गुरुजी आपल्या मुलांना घेऊन त्याच वाळूंत जातात. गणेशचतुर्थीला तेथें सार्वजनिक सुटी असते, आणि मराठी कुटुंबें मूर्ति घेऊन वाजतगाजत पाण्याकडे जातात. रत्नागिरीकडची जाखडी तेथें अजून नाचली जाते. पणज्यानें दगड वेचले म्हणून पणतूनें समुद्राकडे पाठ करावी, असें सांगणारा मी कोण? दुःखाचा वारसा ज्यांच्याकडे आहे त्यांनीं सौंदर्यहि वारशांत घेतलें. आणि बाहेरच्या माणसानें मात्र त्यांच्या वतीनें सुतकी चेहरा करून हिंडावें, हा दुसऱ्या प्रकारचा उद्धटपणाच होय.

मग पाहणाऱ्यानें कसें पाहावें? येथें मला आपल्याच साहित्यशास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो. सुमारें हजार वर्षांपूर्वीं काश्मीरांत होऊन गेलेल्या अभिनवगुप्तानें नाट्यरसाची चिकित्सा करतांना असें प्रतिपादिलें कीं रसाचा आस्वाद घेणारा तटस्थहि नसतो आणि आपल्या स्वतःच्या सुखदुःखांतहि गुरफटलेला नसतो. तटस्थाला रस मिळत नाहीं, आणि स्वतःपुरतें पाहणाऱ्यालाहि मिळत नाहीं. या दोहोंच्या मध्यें जो उभा असतो तो सहृदय. हें विवेचन नाट्याबद्दल आहे, भूमीबद्दल नाहीं, हें मी जाणतों. तरी तो शब्द येथें लागू पडतो असें मला वाटतें. कांटचा प्रेक्षक तटस्थ आहे. पैसे मोजून आलेला प्रवासी पुष्कळदां मालकाच्या तोऱ्यांत असतो. दृश्य आपण विकत घेतलें असें त्याला वाटतें. सहृदय तो, जो देखाव्यांत माणूस पाहतो आणि माणूस दिसला म्हणून देखावा टाकून देत नाहीं.

असें पाहणें अशक्य नाहीं. १८३६ सालीं तरुण डार्विन आपल्या प्रवासांत कांहीं दिवस मॉरिशसला थांबला होता. तेथला ‘ल पूस’ नांवाचा डोंगर तो चढला, बेटाच्या शोभेनें तो प्रसन्न झाला. आणि त्याच लेखणीनें त्यानें तेथें जन्मठेपेवर आणलेल्या व सरकारी कामांवर राबणाऱ्या भारतीय बंद्यांबद्दल, त्यांच्या भारदस्त चेहऱ्यांबद्दल, आदरानें लिहिलें. एका गोष्टीनें दुसरीला बाध आला नाहीं.

आणि नुसतें सहृदय असणें पुरे नाहीं; ऋण फेडावें लागतें. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन ऋणें आपल्या तोंडपाठ असतात. परंतु शतपथ ब्राह्मणांत चौथेंहि सांगितलें आहे, तें मनुष्यऋण. त्याची फेड तेथें अतिथीला आसरा व अन्न देऊन करावयास सांगितली आहे. मला वाटतें कीं हें ऋण उलट दिशेनेंहि लागतें: जो अतिथि होऊन जातो, त्यानेंहि यजमानाच्या भूमीचें देणें द्यावयाचें असतें. तें पैशानें फिटत नाहीं. तें फेडण्याचा पहिला हप्ता म्हणजे जाणून घेणें: कोणीं केलें, कसें केलें, त्याला काय मिळालें. दुसरा हप्ता म्हणजे आपल्या आनंदासाठीं त्या भूमीची व तेथल्या माणसांची नासाडी होऊं न देणें.

या दुसऱ्या हप्त्याचें एक उदाहरण त्या बेटावरच्या लोकांनीं घालून दिलें आहे. २५ जुलै २०२० रोजीं एक प्रचंड मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेयेस प्रवाळाच्या बांधावर चढून अडकलें, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत त्यांतून सुमारें १,००० टन तेल समुद्रांत सांडूं लागलें. तेव्हां किनाऱ्यावरचे लोक कोणाची वाट न पाहतां धांवून आले. त्यांनीं ऊंसाचें पाचट कापडांत भरून त्याचे लांबच लांब तरंगते बांध शिवले व ते पाण्यांत सोडून तेल अडविलें. कित्येकांनीं तर त्यासाठीं आपले केस कापून दिले. पांच पिढ्यांपूर्वीं जो ऊंस या माणसांच्या दास्याचें कारण झाला, त्याच्याच पाचटानें त्यांच्या वंशजांनीं तो किनारा राखला. ज्यांच्या पूर्वजांना त्या सौंदर्यांत वांटा नव्हता, त्यांनींच त्याचें ऋण सर्वांआधीं फेडलें. आम्ही पाहुणे त्या किनाऱ्याचीं छायाचित्रें काढून घरीं आलेलों असतों.

निघण्याच्या आदल्या रात्रीं गुरुजींनीं मला एक कागद दाखविला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आप्रवाशांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतील आपल्या मूळ पुरुषाच्या नोंदीची ती नक्कल होती. नांव, बापाचें नांव, वय, गांव, उंची, आणि अंगावरील खूण: उजव्या भुंवईवर व्रण. ही नोंद प्रेमानें केलेली नव्हे. मजूर पळाला तर धरतां यावा म्हणून केलेली. तरी त्या एका ओळीमुळें आज पांचव्या पिढीला आपल्या माणसाची भुंवई ठाऊक आहे.

तो कागद पाहतांना मला आमच्या शेतांतला दगडांचा ढीग आठवला. आमच्या वडिलांचें वाशिमजवळ थोडें रान होतें. त्याच्या धुऱ्यावर काळ्या दगडांचा एक उंच ढीग होता, अजून आहे. लहानपणीं संध्याकाळीं त्यावर चढून मी सूर्यास्त पाहत असें. पुढें इंग्रजी काव्य वाचूं लागलों तेव्हां त्यांतील प्रत्येक मावळता सूर्य मला त्या ढिगावरूनच दिसे. सौंदर्य म्हणजे काय याचा पहिला पाठ मीं तेथें घेतला, असें मी विद्यार्थ्यांना अनेक वर्षें सांगत आलों. तो ढीग कोणीं केला, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत एकदांहि पडला नव्हता.

घरीं आल्यावर मीं आईला विचारलें. ती आतां ऐंशीच्या घरांत आहे. ती म्हणाली, “बाया येचत उन्हाळ्यात. आपल्या सालदाराची बायको रोज असे. लेकरू धुऱ्यावर निजवून येचे बिचारी.”

मीं विचारलें, “तिचें नांव काय होतें?”

आई बराच वेळ आठवीत राहिली. मग म्हणाली, “नाव कोन पुसते, बाप्पा! सालदाराची म्हनत तिले सारे.”

तो सालदार आमच्याकडे कित्येक वर्षें होता. त्याचें कुटुंब पुढें गांव सोडून गेलें. मीं चार ठिकाणीं चौकशी केली. नांव मिळालें नाहीं. ज्या परक्या सरकारानें माणसें भाड्यानें समुद्रापार नेलीं, त्यानें निदान तीं वहींत नांवानिशीं लिहून ठेवलीं; आणि आम्ही, जे त्यांच्याच हातची भाकरी खात होतों, त्यांच्याच वेचलेल्या दगडांवर बसून सूर्यास्त पाहत होतों, त्या आमच्या घरच्या जमाखर्चांत सालदाराचा वर्षाचा आकडा आहे, पण त्याच्या बायकोचें नांव नाहीं. आप्रवासी घाटावर उभा राहून मळेवाल्यांचा न्याय करणें मला सोपें गेलें होतें. दूर उभें राहिलें म्हणजे डोंगर साजरे दिसतात तसेच दुसऱ्यांचे अपराधहि स्पष्ट दिसतात. आपल्या धुऱ्यावरचा ढीग मात्र जवळ असून दिसत नाहीं.

त्या ढिगावर मी आतां बसत नाहीं असें नव्हे. परवांच जाऊन बसलों होतों. सूर्य नेहमींप्रमाणें तुरीच्या पलीकडे मावळला, आणि तो पूर्वींइतकाच सुंदर होता. त्याहून उणा नाहीं कीं अधिक नाहीं. फक्त उठतांना हाताखालचा दगड मीं एकदां उचलून पाहिला. तो चांगलाच जड होता. कडेवर किंवा धुऱ्यावर लेकरू ठेवून असे किती दगड एका दिवसांत वाहतां येतात, याचा हिशेब मला आला नाहीं. तो हिशेब न येतां इतकीं वर्षें मी सौंदर्यशास्त्र शिकविलें, याची मात्र खंत वाटली. समुद्रापारचीं शिखरें व किनारे पाहावयास ज्यांना सवड आणि साधन आहे त्यांनीं तीं अवश्य पाहावींत. पण निघण्यापूर्वीं आपल्या रानांतील एखादा ढीग कोणीं रचला हें, सांगणारें कोणी जिवंत आहे तोंवर, विचारून ठेवावें. मीं विचारलें तेव्हां फार उशीर झाला होता.